बिननेफ्याचे झेंडे

टीपकाकूंना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. मशीनवर त्यांची टीप इतकी सरळ पडायची की कटिंगमास्तर नव्या बायकांना त्यांचं कापड दाखवून म्हणायचे, "पट्टी लावून बघा. एक सूत इकडेतिकडे झालं तर माझी कात्री तुमची." बावीस वर्षांत मास्तरांची कात्री कुणाला मिळाली नाही. काकूंना नाव मात्र कायमचं चिकटलं.

कारखाना झेंड्यांचा. झेंडा म्हटलं की लोकांची छाती फुगते, डोळे पाणावतात. पण दिवसाला तीस-तीस झेंडे शिवणाऱ्यांना विचारा. त्यांची पाठ दुखते. कापडाचा बारीक भुगा नाकातोंडात जातो, आणि संध्याकाळी रुमाल बघितला की कुठल्या देशाचं काम चालू आहे ते कळतं. इस्त्रीवाली तर म्हणायची, "मला शिंक आली की तीन देश बाहेर पडतात." ही इस्त्रीवाली काकूंच्या शेजारच्या टेबलावर उभी असायची. तिचा हात आणि तोंड बरोबरच चालायचं, आणि दोन्ही गरम.

झेंडे दोन प्रकारचे. एक काठीवर चढतो. त्याच्या एका बाजूला कापड दुमडून काठी जाण्यापुरती नळी शिवलेली असते, पायजम्याला नाडीसाठी असते ना, तशीच. म्हणून सगळे तिला नेफाच म्हणत. दुसरा प्रकार बिननेफ्याचा. तो माणसाएवढा लांब, चारही बाजूंनी काठ दुमडलेला, आणि काठी घालायला त्याला कुठेच जागा नाही. तो शवपेटीवर पांघरतात. कारखान्यात पेटीचं नाव कुणी काढायचं नाही, हा अलिखित नियम. बिननेफ्याचा म्हणायचं आणि पुढं जायचं.

पूर्वी असे वर्षाला डझनभर लागत. एखादा म्हातारा सेनापती भरल्या घरात, अंथरुणावर जायचा, त्याच्यासाठी. मग मार्च महिन्यात सीमेवर लढाई सुरू झाली. पेपरात यायचं, 'किरकोळ हानी'. आणि कारखान्याच्या फळ्यावर मास्तर खडूनं लिहायचे, 'बिननेफ्याचे, नव्वद'. खोटं कोण बोलतंय ते कळायला फार शिकावं लागत नाही. पेपरवाल्यांच्या आधी मशीनवाल्यांना कळायचं.

टीपकाकूंचा एकुलता एक मुलगा त्याच सीमेवर होता.

नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात त्या, एक जुनं पायमशीन आणि भिंतीवर मुलाचा गणवेशातला फोटो. फोटोत त्याचे कान बापासारखेच बाहेर आलेले. फोन आठवड्यातून एकदा यायचा. तेवढ्यावर सात दिवस निघायचे.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. काकूंना पहिल्यापासून एक खोड होती. झेंडा पुरा झाला की खालच्या डाव्या कोपऱ्यात, दुमडीच्या आत, पिवळ्या दोऱ्याची एक बारीक गाठ मारायच्या. नियमात हे बसत नव्हतं. मास्तरांना ठाऊक होतं, पण चांगल्या कारागिराच्या खोडीकडे कानाडोळा करावा एवढी अक्कल त्यांना होती. मुलगा शाळेत होता तेव्हा तिथल्या झेंड्याचा कोपरा उलटून बघायचा आणि घरी येऊन सांगायचा, "आई, आमचा झेंडा तुझाच आहे." काकूंना त्याचा भारी अभिमान. वर्गात कितवा आला हे त्या विसरल्या, हे विसरल्या नाहीत.

मार्चपासून त्या गाठीला शब्द फुटले. पहिला बिननेफ्याचा शिवून झाला, पिवळा दोरा आवळला, आणि तोंडातून आपोआप निघालं, "माझा नको." एवढंच. त्या दिवशी तीन शिवले, तीनदा म्हणाल्या. मग तो नेमच झाला. दोरा आवळायचा, पुटपुटायचं, कात्रीनं टोक कापायचं. शेकडो झेंडे असे गेले, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात काकूंचं हे मागणं गाठ मारून गेलं. आईच्या जिवाला कोण बोल लावणार?

जूनमध्ये मुलगा चार दिवसांच्या सुट्टीवर आला आणि बरोबर एका मित्राला घेऊन आला. मित्र म्हणजे नुसती उंची. मानेपर्यंत माणूस आणि पुढं मानच मान. आल्या आल्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेतलं, आणि जाऊन हात धुवून परत येताना पुन्हा आपटलं. "तुमची चौकट माझ्यावर चिडलेली दिसते, काकू," म्हणाला. पलटणीत त्याला उंट म्हणायचे. काकूंनीही दुसऱ्या दिवसापासून तेच म्हणायला सुरुवात केली.

उंट गुणाचा निघाला. काकूंचं घरचं पायमशीन वर्षभर कुरकुरत होतं. त्यानं ते उघडलं, पुसलं, तेल दिलं, चामड्याचा पट्टा आखूड करून बसवला. पोटच्या पोराला हे कधी सुचलं नव्हतं. तो बापडा चार दिवस नुसता झोपला. उंटाला आई नव्हती, मामाकडे वाढलेला. निघताना चौकटीखाली मुद्दाम वाकून म्हणाला, "काकू, याला आख्खी आई आहे. मला अर्धी तरी द्या."

"अर्धी कशाला? आख्खी घे," काकू म्हणाल्या. "याचं तरी कुठं लक्ष असतं माझ्याकडे."

त्यानंतर फोनवर मुलाच्या मागून एक आवाज यायचा, "आई, मशीन कुरकुरतंय का?" काकू म्हणायच्या, "नाही रे उंटा, तूच तेवढा कुरकुरतोस." आणि मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन बंद पडले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. काकूंनी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं, ही भीती.

अशात एके दिवशी गुरुजी कारखान्यात आले. गुरुजी म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. दरवर्षी वर्षाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजता, नगरभवनाच्या मोठ्या सभागृहात ते विश्वशांतीची प्रार्थना घ्यायचे. भिंतीच्या कडेनं जगातल्या सगळ्या देशांचे मोठे झेंडे उभे करायचे, मधे माणसं बसायची, दोन मिनिटं मौन. मग नवं वर्ष लागल्यावर आठ दिवस झेंडे तसेच ठेवायचे. इतकी वर्षं लोक येत, मौन पाळत, चहा पीत आणि घरी जात. जगाला त्यानं काय फरक पडला कोण जाणे, पण गुरुजी नेमाचे पक्के.

यंदा त्यांना सात नवे झेंडे हवे होते. जुने विटले होते. सातवा विटला नव्हता, तो मार्चमध्ये कुणीतरी कपाटातून काढून फाडला होता. तो त्या देशाचा होता, ज्याच्याशी लढाई चालू होती.

गुरुजींनी नाव घेतलं आणि एकेक मशीन थांबत गेलं.

"गुरुजी, तेवढा एक सोडून बाकीचे देतो," मास्तर म्हणाले.

"एक सोडला की ते जग राहत नाही, मास्तर. आपली आपली माणसं जमवून चहापान केल्यासारखं होतं."

"माझी इस्त्री त्याला लागायची नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "लागलीच तर जाळायला लागेल." तिच्या नणंदेचा मुलगा ऑगस्टमध्ये गेला होता. तिला कोण काय म्हणणार?

मास्तरांनी सगळ्यांकडे बघितलं. सगळ्या बायका सुईत दोरा ओवायला लागल्या, ओवलेला होता त्यासुद्धा.

"मी शिवते," टीपकाकू म्हणाल्या.

काकूंना उगाच मोठेपणा देऊ नका. त्यांचं मन काही समुद्राएवढं नव्हतं. त्यांच्या मनात सरळसरळ देवाशी सौदा चालला होता. जे कुणीच करत नाही ते मी करते, आता तू माझ्याकडे बघ. कुठल्याही आईनं हेच केलं असतं, आणि कुठल्याही आईनं ते कबूल केलं नसतं.

ते काम त्यांनी तीस तारखेपर्यंत लांबवलं. त्या दिवशी फळ्यावर बिननेफ्याचे शंभर होते. सकाळपासून काठ दुमड, टीप मार, फिरव, काठ दुमड. दुपारी त्या परक्या रंगाचं कापड हातात घेतलं. त्याकडे बघायचं नाही, असं ठरवलं होतं. न बघताच शिवलं. कोपऱ्यात गाठ मारली, सवयीनं "माझा नको" म्हटलं, टोक कापलं. इस्त्रीवालीनं हात लावला नाही, तेव्हा मास्तरांनी घडीवरूनच घाईघाईनं इस्त्री फिरवली आणि झेंडा पुडक्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी चारला सभागृह कधी नव्हे ते गच्च भरलं. लढाईच्या वर्षी शांतीला गर्दी होते. काकू तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मुलाचा फोन येऊन पंचवीस दिवस झाले होते. भिंतीकडेला झेंडे उभे राहत होते, आणि सगळ्यांचं लक्ष एका मोकळ्या काठीकडे होतं. गावचा म्हातारा पोस्टमन ती काठी काखेत धरून झेंडा चाचपत होता. त्यानं एक बाजू चाचपली. मग दुसरी. तिसरी बाजू त्याच्या बोटांत यायच्या आतच काकूंना सगळं कळलं.

"याला नेफाच नाही," पोस्टमन म्हणाला.

क्षणभर कुणालाच अर्थ लागला नाही. मग इस्त्रीवालीचा नवरा मागच्या रांगेतून मोठ्यानं म्हणाला, "बिननेफ्याचा शिवलाय. वा काकू. बरोब्बर त्यांच्या मापाचा शिवलात." लोक वळून बघायला लागले. ज्यांना कळलं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं. कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळी वाजवली, आणि टाळ्या वाढल्या. शेजारच्या बाईनं काकूंचा हात दाबला.

"चुकून झालं," काकू म्हणाल्या.

"हो तर," ती बाई म्हणाली. "चुकूनच."

काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बावीस वर्षांत एक टीप चुकली नाही आणि आज नेफा कसा चुकला? हातांना सवय लागली होती, म्हणून? की हातांनी मनातलं केलं? त्यांनी स्वतःला विचारून बघितलं. शपथेवर सांगता येईना.

गुरुजींचा चेहरा पडला होता, पण माणूस हटणारा नव्हता. "काठी नाही तर नाही. टेबलावर पसरून ठेवा," ते म्हणाले. पोस्टमननं आणि आणखी एकानं पुढचं लांब टेबल मोकळं केलं आणि झेंडा त्यावर पसरला. चारही बाजूंनी काठ खाली आले.

सभागृहातलं हसू तिथंच थांबलं. टेबल लांब, वर झेंडा, कोपरे खाली लोंबतायत. या वर्षात गावानं हे सात वेळा बघितलं होतं. रंग तेवढा निराळा होता.

काकू उठल्या. "उचला तो," त्या म्हणाल्या. "मी धरते हातात."

त्या पुढं गेल्या, झेंड्याचे दोन कोपरे धरले आणि हनुवटीपर्यंत वर करून उभ्या राहिल्या. समोरून फक्त डोकं आणि चपला दिसत होत्या. शत्रूचा झेंडा, आणि तो धरायला सैनिकाची आई. कुणी मान खाली घातली, इस्त्रीवालीचा नवरा उठून बाहेर गेला. गुरुजी म्हणाले, "आता साऱ्या जगासाठी." आणि मौन सुरू झालं.

साऱ्या जगासाठी. काकूंनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. डोळे मिटून जग आणायला गेल्या, तर मुलाचे बाहेर आलेले कान आले. झेंडा त्यांनी उलटा धरला होता हे त्यांना आत्ता कळलं, कारण अंगठ्याखाली गाठ लागत होती, पिवळ्या दोऱ्याची. मग मन मोकाट सुटलं. माझा नको. माझा नको रे देवा. ज्याला न्यायचंय त्याला ने, या झेंड्याखालचे ने, आमच्यातलाही ने कुणी, पण माझा नको. दोनशे माणसांपुढं विश्वशांतीच्या प्रार्थनेला उभं राहून टीपकाकूंनी हे मागितलं. बाकीच्यांनी काय मागितलं ते त्यांचं त्यांना माहीत.

मौन संपलं. काकूंनी झेंड्याची घडी घातली. "उद्या नेफा लावून आणते," एवढं गुरुजींना सांगितलं आणि चहा न घेता घरी आल्या.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी पायमशीनवर बसून त्यांनी नेफ्याची पट्टी बेतली. झेंडा मांडीवर घेतला, एवढ्यात फोन वाजला.

"आई, चहा झाला का?"

काकू स्टुलावरून खालीच बसल्या. तो पलीकडून 'हॅलो, हॅलो' करत राहिला. तारा तुटल्या होत्या, रस्ता बंद होता, आता मागं आणलंय, हातपाय शाबूत आहेत, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. काकू हसत होत्या आणि रडत होत्या. देवानं ऐकलं. ऐकलं त्यानं.

"कुठं आहे तो उंट?" त्यांनी नाक पुसत विचारलं. "सांग त्याला, मशीन लोण्यासारखं चालतंय."

"आई, उंट गेला. आज सहा दिवस झाले."

काकूंचा हात झेंड्यावर होता तो तिथंच राहिला.

"आम्ही चौघांनी उचललं. लांब पेटी नव्हती, पाय थोडे दुमडावे लागले." तो सांगत राहिला. "आणि आई, मी कोपरा सारखा करायला गेलो तर आत पिवळी गाठ. तुझी गाठ. तू ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"फार बरं वाटलं गं. एवढ्या थंडीत पडला होता बिचारा. वाटलं, आईच आली नि तिनं पांघरूण घातलं. त्याला आवडलं असतं."

"हो रे बाळा," काकू म्हणाल्या.

"रडू नकोस हं."

"नाही रडत."

आणि खरंच त्या रडल्या नाहीत. फोन बंद झाल्यावर कितीतरी वेळ फरशीवर बसून राहिल्या. पोराला काय सांगणार होत्या? की त्या गाठीत माया नव्हती? की गाठ मारताना मी म्हणाले होते, माझा नको, म्हणजे हा चालेल? आणि ज्याच्या अंगावर ते पांघरूण गेलं त्याला जूनमध्ये याच दारात म्हणाले होते, आख्खी आई घे. काल सभागृहात त्या देवाकडे जे मागत होत्या, ते देवानं आधीच, पाच दिवसांपूर्वीच देऊन टाकलं होतं. अक्षरशः मागितलं तसं दिलं. आमच्यातला एक नेला, काकूंचा ठेवला.

त्या उठल्या. मशीनवर बसल्या. झेंड्याला नेफा लावला, तीनदा टीप घातली. मशीन कुरकुरलं नाही. मग सुईच्या टोकानं कोपऱ्यातली पिवळी गाठ सोडवली आणि तो कोपरा तसाच मोकळा ठेवला. दुपारी झेंडा नेऊन दिला. गुरुजींनी काठी घातली, त्या देशाला त्याच्या जागी उभं केलं आणि विचारलं, "मुलाचं काही कळलं?" काकू म्हणाल्या, "कळलं. सुखरूप आहे."

दोन तारखेला कारखाना उघडला. फळ्यावर नव्या वर्षाचा पहिला आकडा होता, 'बिननेफ्याचे, एकशे वीस'. इस्त्रीवालीनं स्वतःच्या हातानं चहा आणून दिला आणि खाली वाकून हळूच विचारलं, "काकू, खरं सांगा. मुद्दाम केलंत ना?"

"माहीत नाही गं," काकू म्हणाल्या. "खरंच माहीत नाही."

पहिला झेंडा पुरा झाला. चारही काठ दुमडून झाले. काकूंनी पिवळा दोरा ओवला आणि कोपरा उलटला. 'माझा नको' ओठावर आलं, ते त्यांनी गिळलं. 'कुणाचाच नको' असं म्हणून बघितलं. पण ते कुणाला फसवायचं? हा झेंडा मापानं शिवला होता. तो कुणाचा तरी होणारच होता, कदाचित झालाही होता. दोरा हातात तसाच राहिला. पलीकडं मास्तर घड्याळाकडे बघायला लागले.

मग काकूंनी गाठ आवळली. "हा माझा," त्या म्हणाल्या.

इस्त्रीवालीनं मान वर केली. "काय म्हणालात?"

"काही नाही," काकू म्हणाल्या आणि टोक कापलं. "पुढचं कापड दे. अजून एकशे एकोणीस आहेत."